दम आणि हवा : प्लॅटफॉर्म-गेममधील दोन पट्ट्या आणि ‘बनगरवाडी’

१

कथनात्म संहितेतील नायकाचा जीव आता किती उरला आहे, हे वाचकाला कशावरून कळते? कथनमीमांसेने काळ, दृष्टिकोन, निवेदक यांच्याविषयी जेवढा विचार केला आहे, त्या मानाने हा प्रश्न दुर्लक्षितच राहिला आहे. कादंबरीत निवेदकाचे विधान, पात्राच्या हालचालींचे वर्णन, भोवतीच्या माणसांच्या बोलण्यातील सूर यांतून ही मर्यादा सूचित होते. नाटकात नटाचा देह आणि आवाज ती दाखवतात. व्हिडिओ गेम या अलीकडच्या रूपबंधाने मात्र या प्रश्नाला अगदी उघड असे उत्तर दिले आहे. पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. ती भरलेली असेल तर नायक धडधाकट, ती रिती झाली की नायक संपला.

प्लॅटफॉर्म-गेम हा या रूपबंधाचा एक ठळक उपप्रकार होय. निरनिराळ्या उंचीवरील फळ्यांवरून, कड्यांवरून, विटांवरून उड्या मारीत नायकाने पलीकडच्या टोकाला पोहोचावयाचे, हे त्याचे मूलसूत्र. या खेळांत दोन पट्ट्या वारंवार आढळतात. एक ‘हेल्थ मीटर’, म्हणजे आरोग्यपट्टी. दुसरी ‘एअर मीटर’, म्हणजे हवापट्टी, जी बहुधा नायक पाण्याखाली गेल्यावर दिसू लागते. दोन्ही पट्ट्या दिसावयास सारख्या, दोन्ही घटतात, दोन्ही भरता येतात आणि दोन्ही शून्यावर आल्या की मृत्यू ओढवतो. त्यामुळे या दोहोंना ‘साधनसामग्री’ या एकाच कोटीत बसवणे सोयीचे वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या विरुद्ध आहे. या दोन पट्ट्या उणीव आणि मृत्यू यांविषयीच्या दोन भिन्न कल्पनांवर उभ्या आहेत. आरोग्यपट्टीत उणीव पात्राची असते. हवापट्टीत ती मुळात स्थळाची असते. हा भेद पुसला गेला की कथनाचा अर्थच बदलतो, आणि तो पुसण्याची सवय केवळ खेळांपुरती मर्यादित नाही. ग्रामीण साहित्याच्या मराठी समीक्षेतही ती आढळते. म्हणून या विवेचनाच्या उत्तरार्धात औंध संस्थानच्या मुलखातून आलेल्या एका कादंबरीपाशी येणे क्रमप्राप्त ठरेल.

२

आरोग्यपट्टी या उपप्रकाराच्या जन्मापासून नव्हती. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये पिंपाचा एक स्पर्शही नायकाला पुरेसा असे. १९८२ च्या ‘पिटफॉल’मध्ये नायकाला तीन जीव आणि वीस मिनिटे दिलेली होती, घरंगळत येणाऱ्या ओंडक्याला धडकल्यास जीव न जाता केवळ गुण कमी होत. म्हणजे इजा आणि मृत्यू यांच्यामध्ये काही अवकाश असावा, ही गरज तेव्हाच जाणवू लागली होती. परंतु इजेचा हिशेब अद्याप देहात न होता गुणफलकावर होत होता. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने हा हिशेब देहात आणला. अळंबे खाल्ले की मारिओ मोठा होतो. मोठ्या मारिओला शत्रूचा स्पर्श झाला की तो लहान होतो. लहान मारिओला स्पर्श झाला की जीव जातो. येथे पट्टी नाही, कारण देह हीच पट्टी आहे.

पुढच्या पावलावर हा हिशेब देहापासून सुटून पडद्याच्या कडेला गेला. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त सोळा भागांची, तर १९८७ च्या ‘मेगा मॅन’मध्ये अठ्ठावीस भागांची पट्टी आहे. त्यामागील यंत्रणा साधी आहे. यंत्राच्या स्मृतीत एक संख्या असते. शत्रूची आकृती नायकाच्या आकृतीवर आली की त्या शत्रूसाठी ठरवून दिलेला आकडा तीतून वजा होतो. यंत्र सेकंदाला साठ वेळा चित्र बदलत असल्यामुळे एकाच स्पर्शाची वजाबाकी अनेकदा होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी स्पर्शानंतर काही क्षण नायक लुकलुकतो आणि त्या अवधीत त्याला काहीही बाधत नाही. हे लुकलुकणे म्हणजे एका इजेला एकच घटना मानण्याचा करार होय.

या यंत्रणेतून आरोग्यपट्टीची काही लक्षणे हाती येतात. पहिले असे, की ती घटनेने घटते, काळाने घटत नाही. नायक जागच्या जागी तासभर उभा राहिला तरी, कोणी येऊन धडकले नाही तर, पट्टी तशीच राहते. दुसरे असे, की प्रत्येक घटीला कर्ता असतो. अमुक शत्रूने अमुक इतके नेले, असे सांगता येते. तिसरे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे : घट भरून निघाली की तिचा मागमूस राहत नाही. अठ्ठावीसपैकी एकच भाग उरलेला नायक पुरेशा गोळ्या वेचून पुन्हा अठ्ठावीसवर येतो, तेव्हा तो कधीच न लागलेल्या नायकाहून कोणत्याही अर्थाने वेगळा नसतो. कादंबरीतील काल-अवकाशाच्या रूपांविषयी १९३७–३८ मध्ये लिहिताना मिखाइल बाख्तिन यांनी ग्रीक साहसकथांतील काळाचे जे वर्णन केले, ते येथे चपखल लागू पडते. त्या कथांतील प्रेमिक अपहरण, तुफान, गुलामगिरी यांतून जातात. तथापि त्या काळाची कोणतीच खूण त्यांच्या देहावर वा स्वभावावर राहत नाही. आरोग्यपट्टी हे या साहसकाळाचे गणिती रूप होय.

परंतु या पट्टीलाही एक सीमा आहे आणि ती सीमा तिच्या निर्मात्यांनीच आखलेली आहे. ‘मेगा मॅन’मध्ये पट्टी काठोकाठ भरलेली असली तरी भाल्यांवर पाय पडला किंवा दरीत तोल गेला की नायक तत्क्षणी संपतो. शत्रूशी व्यवहार करताना अठ्ठावीस भागांची चर्चा होते. जमिनीशी व्यवहार करताना ती होत नाही. पात्राचा बळकटपणा स्थळाविरुद्ध उपयोगी पडत नाही, ही कबुली आरोग्यपट्टीच्या व्यवस्थेत अशी आडमार्गाने शिरलेली दिसते.

३

हवापट्टीचा विचार करू लागताच प्रथम नजरेत भरते ते हे, की प्लॅटफॉर्म-गेममधील हवापट्टीचे एक प्रारंभीचे आणि नामांकित उदाहरण पाण्याखालचे नाही. मॅथ्यू स्मिथ यांच्या १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये विली नावाचा खाणकामगार एकामागून एक वीस गुहांतून जातो. प्रत्येक गुहेच्या चित्राखाली हवेची पट्टी आहे. गुहेत पाऊल टाकताच ती घटू लागते. विली काही करो वा न करो, त्याला कोणी शिवो वा न शिवो, ती घटतच राहते आणि संपली की जीव जातो. पुढच्या गुहेत ती पुन्हा भरलेली असते. मागील गुहेत शिल्लक राहिलेली हवा गुणांत रूपांतरित होते. या खेळात आरोग्यपट्टी मात्र नाही. शत्रूच्या एका स्पर्शाने विली मरतो.

येथे हवा कोणाची आहे? विलीच्या छातीतील ती नव्हे; ती गुहेची आहे. म्हणूनच गुहा बदलली की पट्टी नव्याने सुरू होते. उणिवेचा पत्ता पात्राच्या नावावर नोंदलेला नसून स्थळाच्या नावावर नोंदलेला आहे. तथापि या व्यवस्थेत एक विसंगतीही आहे आणि ती पुढील प्रत्येक हवापट्टीत कायम राहिली. गुहेत फिरणारे पहारेकरी श्वास घेत नाहीत. हवा गुहेची असूनही तिची टंचाई एकट्या विलीलाच भोगावी लागते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पाण्याखालचे भाग आहेत, पण मारिओला तेथे श्वासाची ददात नाही, तो वाटेल तेवढा वेळ पोहू शकतो. त्याचे टंचाईचे काम पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उतरत जाणारे घड्याळ करते. ते जमिनीवर आणि पाण्यात सारखेच चालते. स्थळाशी त्याला कर्तव्य नसते. १९८६ च्या ‘ॲडव्हेंचर आयलंड’मध्ये ही पट्टी भुकेच्या जवळ येते. पट्टी काळाबरोबर घटत जाते आणि वाटेतील फळे वेचली की भरते. दगडाला ठेच लागली तर तिचा काही भाग जातो, शत्रूचा स्पर्श झाला तर मात्र पट्टी कितीही भरलेली असली तरी जीव जातो. आरोग्यपट्टीच्या नियमांचा हा जवळजवळ उलटा आराखडा आहे. भारतात ज्या पिढीने टीव्हीला जोडावयाच्या यंत्रांवर, एका कॅसेटमध्ये अनेक खेळ असलेल्या संचांतून हे खेळ खेळले, तिला या दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी अनुभवावयास मिळाल्या होत्या.

१९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये हवापट्टी दिसतच नाही, ती ऐकू येते. पाण्याखाली काही वेळ गेला की इशाऱ्याची घंटा वाजते. शेवटी पाच, चार, तीन असे आकडे नायकाच्या डोक्यापाशी उमटतात आणि संगीताची लय अंगावर येऊ लागते. तळातून सुटणारा मोठा बुडबुडा मिळाला तर मोजणी नव्याने सुरू होते. सॉनिकजवळच्या कड्या त्याला शत्रूपासून वाचवतात. एक जरी कडी जवळ असली तरी स्पर्शाने तो मरत नाही, कड्या मात्र उधळतात. पण जवळ शंभर कड्या असल्या तरी बुडताना त्यांतील एकही कामी येत नाही. आरोग्य आणि हवा यांची खाती वेगळी आहेत आणि एकातील शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे फार थोड्या खेळांनी मांडले असेल.

यावरून हवापट्टीची लक्षणे आरोग्यपट्टीच्या लक्षणांशी पडताळून सांगता येतात. ती काळाने घटते. तिच्या घटीला कर्ता नसतो. गुहेने वा पाण्याने काही ‘केले’ असे म्हणता येत नाही, पाणी केवळ पाणी असते. ती भरण्याचा खरा उपाय म्हणजे ते स्थळ सोडणे. आरोग्यपट्टी ‘कोणी मारले?’ हा प्रश्न विचारावयास लावते. हवापट्टी ‘येथे किती काळ राहता येईल?’ हा. पहिल्या प्रश्नातून शौर्यकथा निपजते. दुसऱ्यातून स्थलांतराची कथा.

४

या दोन खात्यांची सरमिसळ झाली की काय होते, हे १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये पाहता येते. येथे आठ पाकळ्यांचे एकच वर्तुळ आहे. शत्रूने मारले की त्याची पाकळी जाते. पाण्याखाली राहिले तरी ठरावीक वेळाने पाकळी जाते. पृष्ठभागावर डोके काढताच वर्तुळ पुन्हा भरते. परिणामी एक चमत्कारिक गोष्ट घडते. जमिनीवर मार खाऊन अर्धमेला झालेला मारिओ जवळच्या तळ्यात उतरतो, पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि पूर्ण बरा होऊन बाहेर येतो. श्वास मिळाला म्हणून जखम भरली. गणिताच्या दृष्टीने यात काही चूक नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच संख्येत लिहिलेल्या आहेत. अर्थाच्या दृष्टीने मात्र स्थळाची उणीव येथे पात्राच्या देहात विरघळून गेली आहे. पाणी हा आता आणखी एक शत्रू झाला आहे, इतकेच.

१९९२ च्या ‘एको द डॉल्फिन’ने — हा खेळ काटेकोरपणे प्लॅटफॉर्म-गेम नव्हे, पण त्याचा शेजारी आहे — दोन पट्ट्या वेगळ्या ठेवून त्यांच्यात क्रम लावला होता. आधी हवा संपते. ती संपल्यावर आरोग्य घटू लागते. स्थळाची उणीव प्रथम आणि देहाची हानी नंतर, असा हा कार्यकारणभाव आहे. १९९८ च्या ‘बँजो-काझूई’तही मधाच्या पोळ्याच्या खणांनी आरोग्य आणि बुडबुड्यांनी हवा वेगळी दाखवली जाते. त्यातील एका बंदराच्या भागात पाण्यावर तेलाचा तवंग आहे. तेथे डोके पाण्याबाहेर असतानाही बुडबुडे कमी होत जातात आणि बुडी मारली की अधिक वेगाने. पृष्ठभाग म्हणजे सुटका, हा हवापट्टीचा मूळ करारच येथे मोडला आहे. शत्रू कोणी नाही, वरची हवाही आहे, पण ती हवा श्वासाला उरलेली नाही. बालकांसाठी केलेल्या या खेळाने स्थळ बिघडणे म्हणजे काय, हे कोणत्याही उपदेशाविना पट्टीच्या वर्तनातूनच सांगितले आहे.

येथे मराठीतील शब्दयोजना विचारात घेणे उपयुक्त ठरेल. ‘दम’ हा शब्द श्वासाचा आहे, तसाच तो टिकून राहण्याच्या शक्तीचाही आहे. दम लागतो, दम निघतो, दम धरावा लागतो, दमछाक होते. या सर्व वाक्प्रयोगांत दम माणसाचा असतो. ‘हवा’ मात्र गावाची, डोंगराची, ऋतूची असते. इंग्रजीत जिला ‘एअर मीटर’ म्हणतात ती पट्टी नावाने हवेची असली तरी बहुतेक खेळांत नायकाचा दमच मोजते. ही अदलाबदल मराठी कान सहसा स्वीकारणार नाही. शिवाय मराठीत ‘हवापाणी’ असा एक जोडशब्द आहे. एखाद्या गावचे हवापाणी माणसाला मानवते किंवा मानवत नाही. प्रकृती आणि ठिकाण यांचा संबंध या प्रयोगात असा ठेवलेला आहे, की एकाचा दुसऱ्यात लोप होत नाही. हवापाणी मानवले नाही, या विधानात माणसाला दुबळा ठरवलेले नसते आणि गावालाही शत्रू ठरवलेले नसते. दोन वेगळ्या खात्यांमधील मेळ वा बेमेळ तेवढा सांगितलेला असतो.

चिन्हमीमांसेच्या अंगानेही एक गोष्ट नोंदवावयास हवी. तापमापकातील पारा हे पर्सच्या परिभाषेत निर्देशक चिन्ह होय. आधी ताप असतो, मग पारा चढतो. खेळातील पट्टीही तसेच निर्देशक चिन्ह असल्याचा बहाणा करते. वस्तुतः तिच्यामागे कोणताही देह नाही. संख्या आधी असते. लटपटणारा, धापा टाकणारा देह त्या संख्येनुसार मागाहून रेखाटला जातो. तेव्हा पट्टी मोजत नाही, ती ठरवते. म्हणूनच उणीव कोणाच्या खात्यावर लिहावयाची, हा खेळ रचणाऱ्याचा निर्णय असतो, आणि निर्णय असल्यामुळेच तो समीक्षेचा विषय ठरतो.

५

उणिवेच्या खात्याचा हाच प्रश्न मराठीत औंधच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण आरोग्य मोजण्याचा एक मोठा प्रयोग आणि स्थळाच्या उणिवेची एक महत्त्वाची कादंबरी या दोन्ही गोष्टी त्याच लहानशा संस्थानातून आल्या आहेत. आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात असलेले औंध ही त्या संस्थानची राजधानी. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडी आणि कुंडल या भागांतही तो विखुरलेला होता आणि माणदेशाचा अवर्षणप्रवण पट्टा त्यात येत असे. १९०९ ते १९४७ या काळात गादीवर असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्यातील दहा अवस्था, त्यांना जोडलेले श्वास घेणे-रोखणे-सोडणे आणि रोजची ठरावीक संख्या यांतून आरोग्य आणि श्वास एकाच गणनेत आणलेले दिसतात.

ही गणना खेळातील पट्टीहून एका बाबतीत मूलतः वेगळी आहे. पट्टी भरलेल्या अवस्थेकडून शून्याकडे उतरते. नमस्कारांची संख्या एकापासून वर चढते. पट्टीवरील आकडा हा देहाचा साठा आहे, नमस्कारांचा आकडा हा देहाने केलेल्या कृतींचा. तरीही एक गृहीतक दोहोंत समान आहे : आरोग्य ही व्यक्तीच्या ठायी साठणारी, व्यक्तीने कमवावयाची गोष्ट होय. प्रजेच्या देहांत बळ आले तर राज्यात बळ येईल, हा बाळासाहेबांचा विश्वास त्या काळाशी सुसंगत होता आणि त्याच्या पाठीमागे प्रजेविषयी कळकळही होती. १९३९ मध्ये या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली, ही गोष्ट त्याची साक्ष आहे. पण देहाच्या गणनेत पावसाचे खाते नव्हते.

व्यंकटेश माडगूळकर हे याच संस्थानच्या आटपाडीजवळील माडगूळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. धनगरांच्या एका वाडीत नव्याने नेमलेला तरुण मास्तर येतो. बंद पडलेली शाळा सुरू करतो, हळूहळू वाडीच्या विश्वासाला पात्र होतो. त्याच्या पुढाकाराने आणि वाडीच्या श्रमांतून तालीम उभी राहते. तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. आणि त्यानंतर दुष्काळ येतो. पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून मेंढरे जगत नाहीत, मेंढरे नाहीत तर धनगराला वाडीत राहण्याचे कारण उरत नाही. माणसे निघून जातात आणि अखेरीस मास्तरही ओस पडलेल्या वाडीतून बाहेर पडतो.

तालीम आणि दुष्काळ यांची ही लागोपाठ योजना कादंबरीच्या अर्थव्यूहात मध्यवर्ती आहे. तालीम ही आरोग्यपट्टीच्या तर्कातील वास्तू होय. तेथे देहाचा दम वाढतो, प्रतिस्पर्धी समोर असतो, हार-जीत घटनेने ठरते. दुष्काळ हवापट्टीच्या तर्काने चालतो. त्याला कर्ता नाही, त्याची एकच अशी घटना नाही. तो दिवसादिवसाने घटत जातो आणि त्यावर एकच उपाय असतो — स्थळ सोडणे. माडगूळकरांनी या दोहोंत कोणताही नैतिक दुवा लावलेला नाही. वाडी आळशी होती म्हणून ओस पडली असे कादंबरी म्हणत नाही. उलट, एकत्र येऊन काही उभे करण्याची ताकद वाडीत आहे, हे नुकतेच सिद्ध झालेले असताना ती ओस पडते. सॉनिकच्या कड्यांप्रमाणे तालमीतील बळ दुसऱ्या खात्यात वळते होत नाही.

खेळाच्या तुलनेत कादंबरी दोन ठिकाणी पुढे जाते. एक म्हणजे, तिच्यात टंचाई एकट्या नायकाची नाही. ‘मॅनिक मायनर’च्या गुहेत पहारेकऱ्यांना श्वास लागत नव्हता; बनगरवाडीत माणूस, मेंढरू, झाड, विहीर या सर्वांची हवा एकच आहे. किंबहुना मास्तर हा निवेदक असूनही त्याची उणीव सर्वांत कमी आहे. त्याला नोकरी आहे, परतावयास गाव आहे. ज्यांची पट्टी खऱ्या अर्थाने रिती होते आहे ते निवेदन करीत नाहीत. दुसरे असे, की खेळातील नायकाला पृष्ठभाग कोठे आहे हे ठाऊक असते. वाडी सोडून जाणाऱ्यांना हे ठाऊक नाही. पुढच्या मुलखाचे हवापाणी मानवेल की नाही, याचा दिलासा कादंबरी देत नाही.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. पट्टी ही खेळाडूला निर्णय घेता यावा म्हणून दिलेली सोय आहे. वाचकाला कोणताच निर्णय घ्यावयाचा नसतो, मग ही तुलना कशासाठी? आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. परंतु पट्टी काढून टाकली म्हणून तिच्यामागील निर्णय नाहीसा होत नाही, हे खेळांनीच दाखवले आहे. २०१० च्या ‘लिंबो’त आणि २०१६ च्या ‘इनसाइड’मध्ये पडद्यावर कोणतीही पट्टी नाही, ‘इनसाइड’मधील मुलगा पाण्याखाली फार वेळ राहिला तर बुडतो, आणि ती मर्यादा खेळाडूला त्याच्या देहावरून ओळखावी लागते. येथे खेळ कादंबरीच्या पद्धतीजवळ आला आहे. उलट दिशेने पाहता, प्रत्येक कादंबरीतही अशी न दाखवलेली खाती असतात. लेखकाने कोणती उणीव कोणाच्या नावे लिहिली आहे, हे वाचकाला वर्णनांच्या वेगावरून, पुनरुक्तींवरून, मौनांवरून ओळखावे लागते.

याचा समीक्षेला होणारा उपयोग शेवटी स्पष्ट करावयास हवा. ग्रामीण आणि प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत दुष्काळाला ‘पार्श्वभूमी’ वा ‘वातावरणनिर्मिती’ म्हणण्याचा प्रघात आहे. पात्रे पुढे आणि अवर्षण मागे, अशी ही मांडणी होय. तिच्यात दुष्काळ हा एक तर रंगीत पडदा ठरतो, नाही तर पात्रांच्या धैर्याची परीक्षा घेणारा प्रतिस्पर्धी. दोन्ही वाचने आरोग्यपट्टीची आहेत. दुसऱ्या वाचनात तर माणसे टिकली तर शूर आणि निघून गेली तर हरलेली, असा निवाडाही नकळत दिला जातो. ‘सुपर मारिओ ६४’च्या वर्तुळात जे घडले तेच येथे घडते, स्थळाची उणीव पात्राच्या देहात लिहिली जाते. माणदेशातून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेल्या माणसांच्या कथा याच चुकीच्या खात्यावर नोंदवल्या गेल्या, तर त्यांच्या जाण्याचे कारण त्यांच्या दमातच शोधले जाईल.

दम माणसाचा आणि हवा ठिकाणाची, हा भेद व्यवहारातील मराठीने जपला आहे. समीक्षेच्या परिभाषेतही तो जपला जाणे अगत्याचे आहे. साहित्यकृतीत कोणी संपत चालले असेल तेव्हा समीक्षकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न, त्याच्यात किती बळ उरले हा नाही. घटत चाललेली गोष्ट त्याची आहे की तो उभा असलेल्या जमिनीची, हा आहे.